खिडकीकडे पाठ

आईच्या शेवटच्या रविवारी मायलेकी जेवणाच्या टेबलाशी बसून नळ्या कापत होत्या.

नळ्या म्हणजे बोटभर लांबीच्या, प्लॅस्टिकच्या, आरपार दिसणाऱ्या. कानामागच्या यंत्रातला आवाज कानातल्या साच्यापर्यंत नेणाऱ्या. काही महिन्यांनी त्या पिवळ्या पडतात, कडक होतात, आणि मग यंत्र कितीही चांगलं असलं तरी मुलाच्या कानात नुसती खरखर पोचते. कर्णबधिर मुलांच्या शाळेतून निवृत्त होऊन आईला चार वर्षं झाली होती, पण रोज सकाळी ती तिथे जायचीच. वर सुटीच्या दिवशी शाळेतली जुनी यंत्रं डब्यात भरून घरी आणायची आणि भेटायला येईल त्याला कामाला लावायची.

त्या दिवशी थोरली तावडीत सापडली होती. थोरली म्हणजे पंचेचाळिशीची, चष्मा लागलेली, विशेष बुद्धिमत्तेच्या मुलांसाठी वर्ग चालवणाऱ्या संस्थेत निवड चाचण्या घेणारी बाई. संस्थेत तिला सगळे मॅडम म्हणत. आईपुढे मात्र ती थोरली होती.

“तिरकी काप गं. सरळ कापलीस तर साच्यात शिरत नाही,” आई म्हणाली. “एवढी शिकलीस, आणि कात्री धरता येत नाही.”

“कात्रीची परीक्षा नव्हती आमच्या वेळी.”

“असती तर त्यातही पहिली आली असतीस. आणि घरी येऊन नळी वाकडीच कापली असतीस.”

दोघी हसल्या. आई हसायची तीसुद्धा मान वर करून, चेहरा उजेडात धरून. छत्तीस वर्षं ओठांकडे बघणाऱ्या मुलांपुढे उभं राहून ती सवय तिच्या अंगात मुरली होती. बोलायचं तर समोरच्याकडे तोंड करून, उजेड आपल्या तोंडावर घेऊन, हात ओठांपासून लांब ठेवून. वडील होते तेव्हा म्हणायचे, हिच्याशी भांडायचं तर आधी दिवा लावावा लागतो.

हसू ओसरलं तशी आईने एका नळीत फुंकर मारली, डोळ्याशी धरून पाहिली आणि सहज म्हणाली, “वकिलिणीची जादा गणितं बंद केली मी.”

थोरलीची कात्री थांबली.

“माझाच अंदाज चुकला. मूल ओळखण्यात इतक्या वर्षांत कधी चुकले नव्हते बघ. पण वय होतंच की. उगाच पोरीच्या मानगुटीवर बसले होते.”

बोलायचं असतं तर थोरलीला तेव्हा बोलता आलं असतं. घरात तिसरं माणूस नव्हतं. कोणाला कुठे जायची घाई नव्हती. ती एवढंच म्हणाली, “होतं असं कधीकधी.”

“होतं,” आई म्हणाली आणि तिने पुढची नळी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीचा फोन आला. शाळेत निघालेली आई दारातच कोसळली होती, एक चप्पल पायात, एक अजून बाहेर. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळायच्या आत सगळं झालं असेल. ऐकून भेटायला आलेल्यांना बरं वाटलं. दूरदेशाहून आलेल्या धाकट्या भावाला बरं वाटलं. तो चार दिवस राहिला, मोकळेपणी रडला आणि परत गेला. थोरलीच्या जिवाला मात्र नेमकं तेच लागून राहिलं. आईला काही कळायच्या आत झालं.

वकिलीण म्हणजे आईच्या शाळेतली अकरा वर्षांची मुलगी. नाव आईनेच पाडलेलं, कारण काहीही सांगितलं की पोरगी आधी ‘का’ म्हणायची, आणि उत्तर पटलं नाही तर ते परत पाठवायची. दोन्ही कानांना यंत्रं. यंत्र लावून तिला आवाज यायचा, पण त्या आवाजाचे शब्द व्हायला समोरच्याचे ओठ दिसावे लागायचे. त्या शाळेत तास संपला की घंटेबरोबर भिंतीवरचा दिवा लुकलुकतो. या पोरीने महिनाभर ते दिवे मोजले आणि एका कागदावर मांडून दाखवलं, की मुलं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उगाच फिरतात आणि त्यात रोज एकोणीस मिनिटं वाया जातात. खाली नवं वेळापत्रक. कुठल्या शिक्षिकेला कुठला तास मोकळा, तेही त्यात चोख बसवलेलं. मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, तो कागद तीनदा तपासला आणि पुढच्या सत्रापासून तेच वेळापत्रक लावलं.

आई तो कागद घडी न घालता, पुठ्ठ्यात धरून थोरलीकडे घेऊन आली होती. म्हणाली, हिला तुमच्या वर्गात घ्या असं मी म्हणत नाही. चाचणी तेवढी घे. बाकी ती बघून घेईल.

थोरलीने संचालकांना आधीच सांगितलं, की मुलगी माझ्या आईची विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या कोणाला बसवा. दुसरी परीक्षक रजेवर होती. संचालक म्हणाले, घ्या तुम्हीच, तुमच्यावर कोण संशय घेणार? तेव्हा तिने मनाशी ठरवलं, की सवलत एका केसाचीही द्यायची नाही. कोणाला बोट दाखवायला जागा नको.

चाचणीचे दोन भाग. पहिला आकृत्यांचा, त्यात बोलणं नाही. दुसरा तोंडी. परीक्षकाने प्रश्न वाचायचा, एकदाच, आणि मुलाने उत्तर लिहायचं. दोन्हींत तिसातले बावीस हवेत. चाचणीची खोली कोपऱ्यातली होती. परीक्षकाचं टेबल मोठ्या खिडकीला लागून, म्हणजे खांद्यावरून कागदांवर छान उजेड पडे. सकाळचं ऊन थेट आत येत होतं. थोरली नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि वाचू लागली.

चौथ्या प्रश्नाला वकिलिणीने डोळ्यांवर हाताचा पडदा धरला.

थोरलीला त्याच क्षणी कळलं. ते कळायला तिला पुस्तकं लागणार नव्हती. उजेडाकडे पाठ करून कर्णबधिर मुलाशी बोलायचं नाही, हे ती मुळाक्षरांच्या आधी शिकली होती. पोरीला तिचा चेहरा म्हणजे नुसता काळा आकार दिसत होता. खुर्ची दोन हात बाजूला ओढायची होती, एवढंच. पण नियम असा, की भाग सुरू झाल्यावर बसायची जागा बदलली तर तो भाग रद्द होतो. मग दुसरी तारीख, दुसरा प्रश्नसंच आणि लेखी कारण. कारणात काय लिहायचं? परीक्षक खिडकीकडे पाठ करून बसली होती. परीक्षक कोणाची मुलगी? सगळ्या संस्थेत हसं झालं असतं.

हे तिने स्वतःला दिलेलं कारण. त्याच्या खाली आणखी एक होतं, आणि ते तिने नंतर बरेच महिने उघडून पाहिलं नाही.

लहानपणी शाळा सुटली की थोरली आईच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायची. दहा मिनिटांत तिचा अभ्यास उरकायचा. मग ती पुढच्या इयत्तेची पुस्तकं काढायची. तीही संपायची. समोर आई एखाद्या मुलाच्या तोंडापुढे कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणायला लावत असायची. ‘प’ नीट आला की पट्टी हलते. पन्नास वेळा, साठ वेळा. आईचा सगळा चेहरा त्या मुलाकडे. थोरलीला ती कौतुकाने म्हणायची, तुझं बरं आहे, तुला काही सांगावं लागत नाही. एका वर्षी थोरली सगळ्या शाळांत पहिली आली. त्याच दिवशी आईच्या वर्गातल्या एका मुलाने पहिल्यांदा ‘पाणी’ म्हटलं. जेवताना आईने ते ‘पाणी’ दोनदा सांगितलं, त्या मुलाने मान कशी उडवली ते करून दाखवलं, वडिलांना डोळे पुसायला लावले. भांडी आवरून झाल्यावर तिला आठवलं. अगं हो, तुझं ते प्रमाणपत्र, दाखव बघू.

एवढीशी गोष्ट. लोकांचं आयुष्यात केवढं केवढं जातं, आणि हिचं काय, तर एक संध्याकाळ. पण त्या खोलीत, डोळ्यांवर हात धरून आपल्याकडे बघणाऱ्या पोरीसमोर तीच संध्याकाळ वर आली, आणि थोरलीच्या मनाने म्हटलं, की असू दे, एकदा आईचं मूलही मागे राहू दे. हा विचार टिकला एका प्रश्नापुरताच. पण तेवढ्यात पाचवा प्रश्न वाचून झाला होता. मग सहावा वाचला. मग थांबणं आणखी अवघड झालं, आणि तिने तीसच्या तीस वाचून काढले.

आकृत्यांत एकोणतीस, तोंडी भागात अकरा. दोन भागांत इतकी तफावत दिसली तर आधी आपण काय चुकलो ते शोधा, असं थोरली नव्या परीक्षकांना स्वतः शिकवायची. अहवालात तिने लिहिलं, ‘भाषिक तर्कशक्ती मर्यादित.’ खाली सही केली.

आईने फोनवर निकाल ऐकून घेतला. मग विचारलं, “तू तिच्या समोर बसली होतीस ना?”

“हो. समोरच.”

“मग झालं,” आई म्हणाली. लेकीचा शब्द तिने पारखून घेतला नाही, हिरमुसलेल्या पोरीलाही खोदून विचारलं नाही. लेकीचा शब्द ती कधीच पारखून घेत नसे.

आई गेल्यावर तीन आठवड्यांनी मोठ्या बाईंचा निरोप आला, की आईचं कपाट तेवढं आवरून दे, आम्हाला हात लावायला धीर होत नाही. थोरली गेली. कपाटात सेलची पाकिटं होती, मऊ ब्रश होते, कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा होता, आणि वह्या. एक वही रोजच्या यंत्रतपासणीची. रोज सकाळी आई प्रत्येक मुलाचं यंत्र स्वतःच्या कानाला लावून ऐकायची आणि नावापुढे नोंद करायची. थोरलीने न राहवून चाचणीच्या तारखेचं पान काढलं. वकिलिणीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘दोन्ही ठीक. नवे सेल. नळ्या काल बदलल्या.’ आणि कडेला, वहीत कधी नसलेलं, ‘आज परीक्षा. झोप झाली आहे. खूश आहे.’

दुसरी वही वकिलिणीच्या जादा अभ्यासाची. पानंच्या पानं गणितं, कोडी, आईचे शेरे. ‘ही रीत मलाही सुचली नव्हती.’ ‘उत्तर चूक, पण विचार माझ्यापेक्षा बरा.’ निकालानंतरच्या पानावर दोनच ओळी होत्या. ‘मी फार अपेक्षा ठेवली. पोरीला त्रास झाला. दोष माझा.’ पुढे वही कोरी.

ती वही मिटत होती तेव्हा दारात वकिलीण उभी दिसली. मोठ्या बाईंनीच तिला मदतीला पाठवलं होतं. पोरीचं बोलणं सपाट होतं, काही अक्षरं गिळलेलं, पण ऐकायची सवय असलेल्या माणसाला स्वच्छ कळणारं. तिने वहीकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं आणि बहुधा कितीतरी दिवस जपून ठेवलेला प्रश्न विचारला.

“मी नापास झाले, म्हणून बाई माझ्यावर रागावल्या?”

थोरलीने मान हलवली. नाही. पुढचं सांगायच्याऐवजी तिने चष्मा काढून डोळे पुसले, आणि पोरीला वाटलं, आईच्या आठवणीने. तिने शहाण्यासारखं थोरलीच्या हातातलं ब्रशचं खोकं घेतलं आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी थोरली संचालकांकडे गेली. त्या मुलीची चाचणी पुन्हा घ्यायला हवी, पहिली बरोबर झाली नव्हती. संचालक भला माणूस. नुकती आई गेलेली, म्हणून त्यांनी तिला बसवलं, पाणी मागवलं. मग अर्जाचा कागद पुढे सरकवत म्हणाले, वर्षाच्या आत पुनर्चाचणी हवी तर कारण लागतं. यंत्रात बिघाड होता असं लिहा. सेल उतरला होता म्हणा. कोणाचं काही जात नाही, मुलीचं काम होऊन जाईल.

खरोखर कोणाचं काही जात नव्हतं. थोरलीने पेन उचललं आणि ‘मुलीच्या श्रवणयंत्रात’ इथपर्यंत लिहिलंही. पुढचा शब्द तिच्या हातून उमटेना. त्या सकाळी ते यंत्र आईने आपल्या कानाला लावून ऐकलं होतं. मूल ओळखण्यात आपण चुकलो, असं समजून ती गेली होती. आता तिच्यामागे, यंत्र तपासण्यातही चुकली, एवढं लिहायचं राहिलं होतं. तेही लेकीच्या अक्षरात.

तिने ते शब्द खोडले आणि त्याखाली खरं ते लिहिलं. चारच ओळी झाल्या. चौथ्या प्रश्नाला लक्षात आलं होतं, हेही लिहिलं.

संचालकांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. “मॅडम, हे वर गेलं तर तुमचं चाचण्या घेणं बंद होईल. आधीचे निकालही काढून बघतील.”

“बघायलाच हवेत.”

“नुसतं चुकून झालं असं लिहा ना. चौथ्या प्रश्नाचं कशाला?”

“कारण चुकून पहिले तीनच झाले,” थोरली म्हणाली.

बाहेर पडल्यावर तिला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लगेच लाज वाटली. कागदाला सांगणं सोपं होतं. कागद काही तिच्या तोंडाकडे बघत नव्हता.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर तिने वकिलिणीला आणि तिच्या आईला थांबायला सांगितलं होतं. वकिलिणीची आई घरी बसून कपडे शिवायची. दुकानाची घाईची ऑर्डर टाकून आली होती. खांद्यावर अजून दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. पटांगणाच्या कडेच्या बाकावर त्या तिघी बसल्या. थोरलीने सांगितलं, की पुढच्या महिन्यात चाचणी पुन्हा होईल, दुसरी परीक्षक घेईल, प्रश्न लेखी मिळतील. बाईचा चेहरा उजळला. ती म्हणाली, तुमच्या आईंनी हिच्यासाठी केलं, आता तुम्ही करताय, रक्ताचा गुण म्हणतात तो हाच. थोरलीला ते शब्द चटका बसल्यासारखे लागले.

एवढ्यावर उठता आलं असतं. मुलीचं काम झालं होतं, अर्ज वर गेला होता, शिक्षा व्हायची ती होणार होती. पण वकिलीण तिच्याकडे रोखून बघत होती.

“पुन्हा का?” तिने विचारलं.

“बाळा, मॅडम करतायत ना तुझ्यासाठी,” तिची आई तिच्या दंडाला धरून म्हणाली.

“हो. पण का?”

थोरलीने खाली पाहिलं. स्वतःच्या हातांकडे बघत, पुटपुटत, एका श्वासात तिने सगळं सांगून टाकलं. खिडकी, ऊन, चौथा प्रश्न, न हललेली खुर्ची. सांगून झालं तरी तिची मान वर झाली नाही. पटांगणात मुलं पळत होती. त्यांच्या पायांचा आवाज तेवढा येत होता.

मग शिवणकाम करणारी बाई बोलली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मघाची माया त्यात राहिली नव्हती.

“मला ऐकू आलं, मॅडम. तिला नाही आलं. वर बघून सांगा.”

थोरलीने मान वर केली. वकिलीण थोडी पुढे झुकली होती. तिचे डोळे थोरलीच्या ओठांवर होते, आणि कुठला शब्द सुटू नये म्हणून तिने स्वतःचे ओठ घट्ट मिटले होते. अशा माणसापुढे शब्द गिळता येत नाहीत, गर्दीत लपवता येत नाहीत. एकेक करून तोंडाबाहेर काढावे लागतात.

“तू नापास झाली नव्हतीस,” थोरली म्हणाली. “मी उजेडाकडे पाठ करून बसले होते. तुला माझे ओठ दिसत नव्हते. ते मला कळलं होतं. तरी मी खुर्ची हलवली नाही.”

वकिलिणीने एकच शब्द विचारला. “बाई?”

“बाईंनी मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. त्या तुझ्यावर रागावल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, आपलंच चुकलं.” इथे तिचा आवाज फाटला, पण ओठ तिने स्वच्छ उघडे ठेवले. “मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आता तुला सांगते. आईने तुला बरोबर ओळखलं होतं. आई चुकली नव्हती.”